साहेबाचे ओटे

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आळीतली मुले किल्ला बांधायला घेतात. दगडमातीचा ढीग पडतो, जुनी पोती भिजवली जातात, कुणाच्या तरी आईच्या डब्यातील हळीव आणि मोहरी हळूच नाहीशी होऊन चार दिवसांनी किल्ल्याच्या उतारावर हिरवी होऊन उगवते. शाडूचे मावळे, कागदाची होडी, पणतीतला दिवा, सगळा संसार मुलेच मांडतात. फक्त पाटी लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. पंचवीस वर्षे फळ्यावर खडू घासल्यामुळे माझे अक्षर बरे आहे, एवढीच त्यामागची पात्रता.

गेल्या वर्षी मुलांनी विजयदुर्ग केला होता. आम्ही देवगड तालुक्यातले. विजयदुर्ग म्हणजे आमच्या घरचाच किल्ला. मुलांनी तीन बाजूंना खड्डा खणून त्यात पाणी सोडले, एकामागे एक अशा तीन तटांच्या ओळी उभ्या केल्या आणि आत एका चौथऱ्यावर टोपीवाला साहेब बसवला. साहेबाच्या हाती पपईच्या देठाची दुर्बीण! मी कौतुकाने पाटी लिहिली : ‘विजयदुर्ग. येथे १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर साहेबाने हेलियम वायूचा शोध लावला.’

भाऊबिजेच्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती पदार्थविज्ञान शिकवते. अंगणात चपला काढता काढता ती किल्ल्यापाशी थबकली.

“गुरुजी, पाटी तुम्हीच लिहिलीत ना? अक्षर ओळखलं मी.”

“मीच गं. का, शुद्धलेखन चुकलं की काय?”

“शुद्धलेखन नाही चुकलं, गुरुजी. ग्रहणाची तारीखसुद्धा बरोबर आहे. पण लॉकियर त्या दिवशी इथं नव्हताच.”

मी हसलो. ती मात्र हसली नाही. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन तिने हळूहळू सांगितले. काही वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीत तिला तिचे गाव विचारले. तिने मोठ्या अभिमानाने सांगितले की, जिथे हेलियम सापडला त्या किल्ल्याच्या शेजारची मी. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने विचारले, “हे कुठं वाचलंत?” तिच्या तोंडून निघून गेले, “आमच्या गुरुजींनी सांगितलं.” त्यावर ते मोठ्याने हसले. ती नोकरी तिला मिळाली नाही.

“तुम्हाला सांगायचं नव्हतं मला,” ती म्हणाली. “पण ही पाटी पुन्हा वाचली आणि राहवलं नाही. ही पोरंही उद्या कुठं तरी मुलाखतीला जातील ना, गुरुजी?”

वाचकहो, त्या वर्षीचा चिवडा मला गोड लागला नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहिण्याचा नाद आहे, आणि कादंबरीत एखादी गोष्ट रंगवून सांगितली तर कुणाचे बिघडत नाही. पण वर्गात सांगितलेली गोष्ट मुले शिदोरीसारखी बांधून नेतात, आणि ती नासकी निघाली तर उपाशी राहतात ती मुले, गुरुजी नव्हे. त्या मुलीने मला नंतर काही कागद पाठवले. मॅट्रिकचे इंग्रजी आणि उशाला शब्दकोश घेऊन मी ते वाचत बसलो. मग पुन्हा एकदा विजयदुर्गावर गेलो. या खेपेला सहल घेऊन नव्हे, एकटाच. जे कळले ते या दिवाळीत आपल्यापुढे ठेवीत आहे.

आधी जागा पाहू. वाघोटनची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे जमिनीचे एक टोक पाण्यात शिरले आहे. त्या टोकावर हा किल्ला. तीन बाजूंना पाणी, आणि चौथ्या बाजूला पूर्वी खंदक होता. तो बुजला, आणि आज आपण सरळ पायी आत जातो. मुखाशी किल्ला आणि मागे लांबवर आत गेलेली खोल, शांत खाडी. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा किनारा झोडपीत असताना गलबतांना याहून चांगला आसरा कोकणपट्टीवर थोडाच असेल. माझे आजोबा मुंबईला बोटीने जात, आणि ती बोट याच बंदराला लागत असे. खाडीत थोडे आत गेले की आंग्रेकालीन गोदी आहे. काही भाग खडक कोरून, काही भाग दगड रचून केलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. जहाजे बांधायची, दुरुस्त करायची, लपवायची, आणि वेळ येताच सोडायची, अशी सगळी सोय. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत. ते नाव शेजारच्या गिर्ये गावावरून पडले.

किल्ला मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या वेळचा, बाराव्या शतकाच्या अखेरीचा, असे परंपरा सांगते. पुढे तो आदिलशाहीकडे होता. शिवाजी महाराजांनी तो घेतला, त्याला विजयदुर्ग हे नाव दिले आणि तटाला तट जोडून तो बळकट केला. महाराजांनी आरमार उभारले तेव्हा सिद्दी, पोर्तुगीज आणि टोपीकर हे तिघेही समुद्रावर आधीच हातपाय पसरून बसले होते. त्यांच्याशी झगडायचे तर नुसती जहाजे पुरत नाहीत. जहाजांना घर लागते. विजयदुर्ग हे तसे घर होते.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात या घराचा दरारा एवढा वाढला की १७२० मध्ये इंग्रज आणि १७२४ मध्ये डच, दोघेही आरमार घेऊन आले आणि हात हलवीत परत गेले. किल्ल्याजवळच्या पाण्याखाली एक भिंत आहे, तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटतात, असे आमचे म्हातारे सांगत. मी ती भाकडकथा समजत असे. पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी इथे तळ धुंडाळला तेव्हा सुमारे १२२ मीटर लांबीचे दगडी बांधकाम खरोखरच सापडले. मौज पाहा! जी गोष्ट मी थाप मानली ती पाण्याखाली उभी, आणि जी मी पाटीवर लिहिली तिला पाया नाही.

पण लॉकियर साहेबाकडे जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती मी वर्गात नेहमीच घाईने उरकत आलो, आणि तीही चूकच.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. मुलांत वाटण्या झाल्या, भांडणे झाली. विजयदुर्ग पुढे तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी शूर खरा, पण पेशव्यांना जुमानीना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याचा बंदोबस्त करण्यासाठी कुणाचा हात धरला? मुंबईकर इंग्रजांचा! १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गापुढे आले. त्याच्यासोबत फौजेचा अधिकारी म्हणून होता रॉबर्ट क्लाइव्ह. पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूने आली होती, आणि तुळाजी बोलणी करण्यासाठी त्यांच्याच छावणीत गेला होता.

१२ फेब्रुवारी १७५६ रोजी तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांचे सारे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकाला एक बांधून उभे होते. त्यात ‘रिस्टोरेशन’ नावाचे एक जहाज होते. आंग्र्यांनीच ते पूर्वी कंपनीकडून जिंकून आणलेले. इंग्रजांचा एक पेटता गोळा नेमका त्याच्यावर पडला. त्याची आग शेजारच्या जहाजाला, तिथून पुढच्याला, आणि पाहता पाहता दोन पिढ्यांनी उभे केलेले आरमार पाण्यावरच जळून गेले. पेशव्यांच्या हाती किल्ला पडू नये म्हणून क्लाइव्हने आधीच माणसे उतरवून वाट अडवली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांचा झाला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनी आपापसांत वाटून घेतली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला आणि कैदेतच वारला. हेच वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षाच्या अखेरीस बंगालमध्ये गेले, आणि पुढल्या वर्षी तिथे प्लासी झाली.

मुलांना हे सांगताना माझी जीभ अडखळे. शत्रू बाहेरचा असला की गोष्ट सोपी असते. इथे मराठ्यांचे आरमार बुडवायला मराठ्यांनीच टोपीकराला हाक मारली, हे नवव्या वर्षाच्या पोराला कसे सांगावे? म्हणून मी दुर्बिणीच्या साहेबाकडे पटकन वळत असे. जळलेल्या गलबतांपेक्षा ते गोड वाटे. आता वाटते, माझ्या पाटीवरची चूक या संकोचातूनच वाढली. लपवायला काही असले की झाकायला काहीतरी चकचकीत लागतेच.

आणि झाकण्याचे कारणही नव्हते. कारण किल्ल्याची गोष्ट त्या आगीत संपली नाही. १७५६ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या तहाने किल्ला पेशव्यांकडे आला. इंग्रजांनी त्या बदल्यात बाणकोट ठेवून घेतले. विजयदुर्ग हे पेशव्यांच्या आरमाराच्या सुभ्याचे ठिकाण झाले आणि आनंदराव धुळपांनी पुन्हा जहाजे उभी केली. ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या आरमाराने इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज तुंबळ लढाईनंतर पकडून विजयदुर्गाला आणले. त्यावर कर्नल मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन असे मोठे अधिकारी होते. जखमी हंबरस्टन पुढे वारला. सालबाईचा तह आधीच झाला होता आणि दोन्ही सरकारांत सलोखा ठरला होता, तेव्हा हा विजय पुण्याला अवघडच गेला. धुळपांचा वाडा विजयदुर्ग गावात आजही उभा आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि किल्लाही गेला. पण या खेपेला त्याच्यासाठी समुद्रावर एवढा मोठा संग्राम झाला नाही. इंग्रजांचे राज्य साऱ्या किनाऱ्यावर पसरल्यावर या ठाण्याला काम उरले नाही. ज्याला काम नाही त्याच्याकडे कोण पाहतो? शिबंदी गेली, दारूकोठारे रिकामी झाली, पागेत गवत वाढले. घरातल्या म्हाताऱ्यासारखा किल्ला एका बाजूला बसून राहिला.

आता साहेबाची खरी गोष्ट.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, आणि खग्रासाचा पट्टा आपल्या या किनाऱ्याकडून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला, हे अगदी खरे. सूर्याच्या कडेला ज्वाळांसारखे जे दिसते त्याचा प्रकाश लोलकातून पाहून तो कोणत्या पदार्थाचा हे ओळखावे, म्हणून ठिकठिकाणी विद्वान आले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. त्याला त्या ज्वाळांच्या रेषा इतक्या ठसठशीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील अशी त्याची खात्री पटली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्याही. नॉर्मन लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडात होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहणावाचून, त्या रेषा पाहिल्या. योगायोग असा की दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले एक पदक पाडले. त्या रेषांतली एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात पदार्थाची नव्हती. लॉकियर म्हणाला, हा सूर्यावरचा नवाच पदार्थ, आणि ग्रीक भाषेतील सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. लोकांनी बरीच वर्षे शंका घेतली. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे याला तो वायू पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला, तेव्हा लॉकियरचे म्हणणे खरे ठरले.

मग आमचा साहेब कोण? साहेब लॉकियरच! फक्त तो आला तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण आले आणि त्याचा पट्टा विजयदुर्गावरून जाणार होता. साठी उलटलेला लॉकियर दुर्बिणी आणि लोलक घेऊन इंग्लंडहून निघाला. ब्रिटिश नौदलाच्या ‘मेल्पोमिनी’ जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या दिमतीला होते. त्यांनी किल्ल्यातच तळ ठोकला. ग्रहणाची खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात कुणी तबकडी बदलायची, कुणी सेकंद मोजायचे, कुणी सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे चित्र काढायचे, याची खलाशांकडून त्याने आधी तालीम करून घेतली. ज्या जातीचे लढाऊ जहाज १७५६ मध्ये या तटावर तोफा डागीत होते, त्याच जातीच्या जहाजावरचे लोक कागद आणि पेन्सिल घेऊन या तटाच्या आत आकाशाकडे डोळे लावून बसले!

त्या दिवसांत मुंबई इलाख्यात प्लेग थैमान घालीत होता आणि लोकमान्य टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगीत तुरुंगात होते. तरीही ग्रहण पाहणारे सगळेच साहेब नव्हते. त्याच दिवशी सोलापूरकडे जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपली उपकरणे मांडून ग्रहणाचा अभ्यास केला आणि त्याचा अहवाल लिहिला. हे नाव मी एकाही मुलाला कधी सांगितले नव्हते, कारण मलाच ते ठाऊक नव्हते.

लॉकियरचा या किल्ल्यावरचा मुक्काम तो हाच. गावाने साहेबाची आठवण ठेवली, ओट्यांना त्याचे नाव दिले. मात्र आठवण पिढ्यांतून झिरपता झिरपता १८९८ चे ग्रहण १८६८ च्या ग्रहणात मिसळून गेले. यात गावाचा दोष नाही. गाव पाटी लिहीत नाही, गाव गोष्ट सांगते. पाटी लिहिणाऱ्याने ती तपासून घ्यायची असते.

एवढे वाचून मी किल्ल्यावर गेलो तो पावसाळा नुकताच सरला होता. तट ओला, जांभ्याचा रंग गडद. २०२० च्या पावसाळ्यात या तटाचा काही भाग ढासळला होता. तेव्हा आम्ही सगळे हळहळलो आणि सगळ्यांनी दोष समुद्राला दिला. तटाखाली जाळे विणीत बसलेल्या एका गाबीत म्हाताऱ्याशी मी तेच बोललो. तो मान वर न करता म्हणाला, “मास्तरांनू, दर्याचा नाव कित्याक घेतास? दर्या इतकी वर्सा मारता हा. तटाक झाडान खाल्ल्यान.”

आणि त्याने वर बोट दाखवले. बुरुजाच्या सांध्यात पिंपळाचे कोवळे रोप, त्याच्या खाली वडाची बोटभर जाड मुळी. पक्षी बी टाकतो, चुन्याच्या भेगेत ते रुजते, मूळ आत शिरते, दर पावसाळ्यात थोडे जाड होते, आणि एक दिवस चिरा जागचा हलतो. हललेल्या चिऱ्यामागे पावसाचे पाणी शिरते, आतली भर फुगते, आणि मग समुद्राला फारसे काही करावे लागत नाही. लाट फक्त शेवटचा धक्का देते. त्यावर उपाय म्हणून रोप ओढून काढणे हा दुसरा घात. त्याबरोबर चार चिरे बाहेर येतात. मूळ आधी मारावे लागते, वाळू द्यावे लागते, मग पोकळी भरावी लागते. तीही सिमेंटने नव्हे. जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने त्याचे तोंड बांधले की पाणी आत कोंडते, खारटपणा दगडात साठतो आणि चिरा भुसभुशीत होऊन गळू लागतो. जुन्या गवंड्यांनी मुरवलेला चुना, वाळू, विटांची भुकटी, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून घाणीत मळले, ते उगीच नव्हे. चुना दगडाबरोबर श्वास घेतो.

चुकीच्या वस्तूने बुजवलेली भेग वरून छान दिसते आणि आतून भिंत खाते, हे मला तिथे उभे राहून कळले. माझी पाटी आठवली.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. त्यांत आमचा विजयदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे, खांदेरी आहे. बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, त्यांतच विजयदुर्ग, आणि चार राज्याच्या खात्याकडे. आनंदाने आम्ही शाळेत साखर वाटली. पण मला वाटते, ही पदवी बक्षीस नव्हे, ती जबाबदारी आहे. जगभरचे लोक आता इथे येतील आणि आमच्या मुलांना विचारतील, इथे काय घडले? खाते तटातील झाडे काढील, चुना भरील. ते काम त्याचे आहे आणि त्याने ते करावे म्हणून आपण मागे लागले पाहिजे. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर खाते देणार नाही. ते आमच्या पोरांना द्यावे लागेल. किल्ला राखणे म्हणजे हेही आलेच.

परत आल्यावर मी वर्गात उभा राहिलो आणि मुलांना सांगितले की तुमच्या गुरुजींनी बरीच वर्षे एक गोष्ट चुकीची सांगितली. वर्गात एवढी शांतता मी मारकुट्या दिवसांतही अनुभवली नव्हती. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “म्हणजे साहेब आलाच नव्हता?” मी म्हणालो, “आला होता रे, पण उशिरा.” सगळा वर्ग खो खो हसला. हसू ओसरल्यावर मी त्यांना जळलेल्या आरमाराची गोष्ट सांगितली, न अडखळता, पेशव्यांसकट. मला वाटले होते त्यांना ती पेलणार नाही. त्यांनी नुसते विचारले, “मग पुन्हा जहाजं बांधली का?” बांधली, मी म्हटले, आणि धुळपांवर आलो.

त्या विद्यार्थिनीला मी पत्र लिहिले. क्षमा मागायची असे ठरवले होते, पण लेखणी अडली, आणि मी नुसतेच लिहिले की पाटी बदलतो आहे. तिचे उत्तर आले : “गुरुजी, अक्षर तेच ठेवा.”

यंदाही आळीतल्या मुलांनी विजयदुर्गच करायचा हट्ट धरला आहे. मी हे लिहीत असताना खिडकीतून त्यांचा गोंधळ ऐकू येतो. या खेपेला पाण्यात एक जळके गलबत ठेवले आहे, तटाच्या फटीत खरेच एक पिंपळाचे रोप खोचले आहे, आणि ते कुणी उपटायचे नाही अशी सक्त ताकीद आहे. चौथऱ्यावर साहेब आहेच. फक्त त्याला पांढरी दाढी लावली आहे, कारण एका मुलीच्या हिशेबाने १८९८ मध्ये तो साठीच्या पुढचा होता. पाटी कोरी आहे. मुलांनी मला बजावले आहे की आधी मजकूर त्यांना वाचून दाखवायचा, आणि मगच लिहायला बसायचे.